सीटवरचा पाना

पाना ड्रायव्हरच्या सीटवर असेल तर गाडी मिस्त्रीची, पाना उचलला की गाडी मालकाची. सोपान साळवे मिस्त्रींचा हा कायदा कासारवाडीपासून मोशीपर्यंतच्या सगळ्या ड्रायव्हर लोकांना ठाऊक होता. काम अर्धं टाकून कुठं जायची वेळ आली की ते आपला मोठा रिंग पाना सीटच्या मधोमध ठेवत. त्याला हात लावल्याशिवाय कुणाला बसताच येऊ नये. "बसणाऱ्यानं खुशाल बसावं," ते म्हणायचे. "काम कुठपतूर आलंय, ते माझा पाना त्याला बरोबर सांगंल."

मिस्त्री गेल्या हिवाळ्यात वारले. मला ते बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही एका रिक्षावाल्याच्या तोंडून, दापोडीच्या चौकात सुट्टे पैसे परत घेताना. त्यांच्यावर लिहायचा हक्क खरं तर माझा नाही. त्यांनी मला एकच प्रश्न दोनदा विचारला होता, मध्ये काही वर्षं टाकून, आणि दोन्ही वेळा मी खोटं बोललो. खरं उत्तर आज लिहितो आहे, ते वाचायला मिस्त्री नसताना. यात धैर्य कितीसं आहे ते माझं मला माहीत आहे.

भोसरीला तेव्हा नव्या कारखान्यांच्या भिंती उठत होत्या. मी सांगलीकडून नोकरीसाठी आलो आणि एका छोट्या फाउंड्रीत लागलो. पंपाची ओतकामं करायची आणि विकायची, एवढाच तिचा धंदा. माल बाहेर पाठवायचं काम माझ्याकडे होतं. सगळे मला भाऊसाहेब म्हणत. मिस्त्रीही म्हणत, पण त्यांच्या तोंडी तो शब्द टोचायचा.

त्यांची शेड नाशिक फाट्याजवळ रस्त्याला लागून होती. तीन बाजूंना पत्रा आणि चौथी भिंत तेवढी विटांची. त्या भिंतीवर खिळेच खिळे, आणि खिळ्यांना लटकवलेलं काय, तर दात झडलेलं गिअर, भोक पडलेला पिस्टन, जळून काळी पडलेली क्लचप्लेट. नवीन माणसाला ते भंगार वाटे. मग मिस्त्री त्याला दंडाला धरून भिंतीपाशी नेत.

"भंगार न्हाई ते. ह्या माझ्या चुका हायत."

दुसऱ्या कुणी बिघडवलेला एकही तुकडा तिथं नसे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या पिस्टनकडे बोट दाखवून विचारलं, "हे कशानं झालं?"

"ऑइल घालायचं इसरलो."

"तुम्ही? विसरलात?"

"नवं लगीन झालेलं, भाऊसाहेब. डोकं ठिकाणावर नव्हतं." आतल्या बाजूला स्टोव्ह पेटवत बसलेल्या कौसल्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तिथूनच कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याचा डबा घेऊन त्या कधीमधी शेडवर येत, आणि आल्या की हा पिस्टन त्यांना ऐकावाच लागे.

माणूस बुटका, छातीनं रुंद. अंगात कायम लष्करी खाकी शर्ट, कारण उमेदीची वर्षं खडकीला लष्कराच्या वर्कशॉपात गेलेली. गाड्यांखाली निजून निजून मान डावीकडे कललेली राहिली होती. त्यामुळं ते सरळ बोलत असले तरी समोरच्याला वाटे, हा आपल्याला तपासतोय. नम्रपणा त्यांच्यात औषधाला नव्हता. "या पट्ट्यात माझ्यासारखा हात दुसरा न्हाई. आसंल तर दावा, उद्यापास्नं त्याच्याकडं नोकरी करतो." हाताखाली माणूस टिकत नसे, कारण जीभ फार वाईट. एकदा एका ट्रकमालकानं "जरा लवकर करा" म्हटलं, तर मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि त्याला रस्त्यावर नेऊन उभं केलं. "हितं उभं राहून म्हना काय म्हनायचं ते. ह्यो शबूद माझ्या पत्र्याखाली चालत न्हाई." मालक गाडी ओढून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी ओढूनच परत आणली. मिस्त्रींनी ती हसत हसत घेतली आणि शिव्या मोजून घातल्या.

आमच्या फाउंड्रीकडे एक जुनी पिकअप होती. लष्कराच्या लिलावातली, जमिनीपासून गुडघाभर उंच, हिरव्या रंगावर निळा रंग मारलेली. ती चालवायचा महाळुंग्याचा बबन. उंच, हडकुळा, सदा बडबडणारा. गाडी एक टन उचलायची, आम्ही तिच्यात दीड टन भरायचो. ओतकाम दिसायला लहान असतं, त्यामुळं हौदा रिकामा दिसे आणि मालक म्हणत, "जागा आहे की अजून."

एक दिवस बबन पायी परत आला. चेहरा पांढरा, पण तोंड चालूच.

"भाऊसाहेब, चाक माझ्या पुढं गेलं हो! मी गाडीत, आन् माझंच चाक मला ओव्हरटेक करून चाललंय. मी हात केला, राव, थांब म्हनलं. थांबतंय कशाला! ज्वारीत शिरलं, बांध वलांडला आन् हिरीच्या काठावर जाऊन निवांत आडवं झालं."

गाडी दिघीच्या रस्त्यावर एका अंगावर टेकली होती. मागचा एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, मुळापाशी तुटला होता आणि दांड्यासकट चाक निघून गेलं होतं. आम्ही बैलांच्या मदतीनं ती आवारात ओढून आणली आणि मिस्त्रींना बोलावलं.

त्यांनी तुटलेल्या दांड्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग आमच्या मालकांना, आणि मला, आणि बबनला समोर उभं करून शिकवणी घेतली.

"ह्या गाडीत हौजिंग, म्हंजी दांड्यावरची नळी, नुसतं झाकण हाय. आतला दांडाच चाक फिरवतो आन् दांडाच वजन झेलतो. दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात. दुसऱ्या जातीचं हौजिंग येतं, मोठ्या गाडीचं. त्यात वजन बाहेरच्या नळीवर पडतं, दांडा नुसता फिरतो. उद्या दांडा तुटला तर गाडी जागेवर उभी ऱ्हाईल, पर चाक निघायचं न्हाई. मानूस वाचंल."

"आणि तसलं हौजिंग या गाडीला बसेल?" मालकांनी विचारलं.

"बसत न्हाई. मी बसवतो."

मालकांना खरं तर जुनाच दांडा नवा करून हवा होता. मिस्त्री म्हणाले, मग दुसरा मिस्त्री बघा. बबन मध्येच म्हणाला, "मालक, चाक हिरीत पडलं असतं तर एक येळ चाललं असतं. म्या पडलो असतो तर ह्या गाडीला शिव्या कोन देनार?" मालक हसले, आणि हौजिंग बदलायचं ठरलं.

ते शोधायला मी मिस्त्रींबरोबर देहूरोडच्या भंगारवाल्याकडे गेलो होतो. एका मोडक्या ट्रकखाली ते असे काही निजले की दुपार झाली तरी उठेनात. भंगारवाला वैतागून म्हणाला, "क्या मिस्त्री, घर बसाना है क्या नीचे?" खालून आवाज आला, "घर नहीं, रिश्ता देख रहा हूँ. लडकी के दाँत गिन रहा हूँ." हौजिंगमधल्या गिअरचे दात ते बोटानं एकेक चाचपत होते. बाहेर आले तेव्हा कोपरापर्यंत काळे आणि इतके खूश, की बसच्या रांगेतही त्याच दातांबद्दल बोलत होते.

काम आमच्याच आवारात चाललं. चाक नसलेली गाडी शेडपर्यंत नेणार कशी? नवं हौजिंग जुन्याहून रुंद. ते जिथं स्प्रिंगच्या पाट्यांवर टेकतं त्या बैठका कापून नव्या जागी वेल्डिंग करायच्या, मधला फिरता शाफ्ट आखूड करायचा, ब्रेकच्या नळ्या नव्यानं वाकवायच्या. मिस्त्री एकटेच करत होते. पहिल्यांदा गाडी लाकडी घोड्यांवर ठेवून चाकं फिरवली तर सगळी गाडी तापातल्या माणसासारखी थरथरायला लागली. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. बराच वेळ खाली निजून राहिले. मग बाहेर येऊन आवारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "साळव्या गाढव हाय! बैठकीचा कोन चुकला!" ओतारी लोक काम सोडून बघायला आले. त्यांनी ती बैठक सगळ्यांसमोर कापून काढली, संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला बांधली, आणि दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो तर ती भिंतीवर टांगलेली. अशी चूक सांगताना त्यांचा रुबाब काही निराळाच असे. एखादा पदक दाखवेल तसं ते दाखवत. हा मुद्दा मला नंतर लागणार आहे.

आता कपाचं सांगतो.

आमच्या ऑफिसात चहाचे कप लाकडी फळीवर असत. खिडकीत बाहेरच्या बाजूला एक वेगळा कप असे, कान तुटलेला, उपडा घातलेला. तो कुणासाठी हे कधी कुणी बोललं नव्हतं. चहावाला पोऱ्या न सांगता जाणायचा. मिस्त्री बौद्ध, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. काम सुरू झालं त्याच दिवशी त्यांना त्या कपात चहा आला. मिस्त्रींनी चहा मातीवर ओतला, कप उलटासुलटा केला, एखादा सुटा भाग बघावा तसा प्रकाशात धरला.

"कान तुटलाय," ते म्हणाले. "तुटलेला माल मी भिंतीला टांगतो. पर ही चूक माझी न्हाई. म्हनून हितंच ठेवतो."

कप त्यांनी होता तिथं, होता तसा उपडा ठेवला. मी समोरच बसलो होतो. माझ्यापुढं चलन होतं, ते मी वाचत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडे पाणीही घेतलं नाही. भर दुपारी सायकल मारत नदीपलीकडे पिंपळे गुरवला घरी जात, जेवून परत येत. आणि जाताना पाना सीटवर.

तो कप मी फेकून देऊ शकलो असतो. माझ्याच टेबलामागची खिडकी होती.

हौजिंग बसलं. आता थरथर नव्हती. त्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी हौजिंग आणि पाटे एकत्र जखडणारे यू-बोल्ट आवळले, आणि बबनला आणि मला बोलावून सांगितलं, "हे पयलं आवळणं, रिकाम्या गाडीचं. वजन पडलं की पाटे दबत्यात, लोखंड आपली जागा धरतं आन् नट ढिले पडत्यात. जेवून येतो. मग अर्धा माल भरून आवारात फिरवू, परत आवळू. मग पुरा माल, परत आवळू. तवर गाडी माझी." पाना सीटवर ठेवला, पान्यांची किंतानी पिशवी भिंतीकडेला ठेवली आणि गेले.

नाशिकच्या गिऱ्हाइकाचा ट्रक चाकणच्या नाक्यावर उभा राहून आमचा माल उचलायचा. त्या दिवशी तो दुपार टळेपर्यंतच थांबणार होता. मालकांनी केबिनमधून हाक मारली.

"गाडी उभी का, भाऊसाहेब?"

"मिस्त्री जेवायला गेलेत."

"जेवायला पिंपळे गुरवला? इथं काय जेवण मिळत नाही?"

का मिळत नाही, ते सांगायची गरज नव्हती. दोघांनाही माहीत होतं.

"ते मला सांगू नका," मालक म्हणाले. "माल गेला पाहिजे."

पाना उचला, असं मालक म्हणाले नाहीत. ते म्हणाले होते असं मी पुढं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की कधी कधी त्यांचा तसा आवाजही ऐकू येतो. पण ते म्हणाले नाहीत. मी गाडीपाशी गेलो. बबन चहाला गेला होता, हमाल ओतकामं भरत होते. पाना उन्हानं तापला होता. मी तो उचलला, धोतराच्या फडक्यानं पुसला आणि मिस्त्रींच्या किंतानी पिशवीत, ज्या कप्प्यात तो नेहमी असे त्याच कप्प्यात, सरकवून ठेवला.

बोनेटवर ठेवला असता, जमिनीवर टाकला असता, तर परत आल्यावर त्यांना कळलं असतं की कुणीतरी उचलला. त्या क्षणी माझ्या मनात तसं काही नव्हतं, असं लिहायला मला आवडलं असतं. होतं. दुपारी त्यांच्या शिव्या खाव्या लागू नयेत, एवढाच विचार होता, पण विचार होता.

बबन आला. दार उघडून सीटकडे बघितलं.

"पाना न्हाई. म्या चहाला गेलो तवर मिस्त्रीचं सगळं आवळून झालं वाटतं?"

"झालं," मी म्हणालो.

"चला, म्हंजी आता चाक माझ्या मागनं येनार!" तो हसला आणि गेला. पुरा माल भरून.

मिस्त्री आले तेव्हा सायकलवरून उतरलेही नाहीत. रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. मग उतरून पिशवीकडे गेले. कप्प्यात हात घातला आणि पाना हाताला लागल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. भीती नव्हे. बेरीज चुकल्यावर शाळेतल्या पोराचा होतो तसा चेहरा. ते खिडकीशी आले, त्याच खिडकीशी.

"भाऊसाहेब, म्या पाना सीटवर ठेवला नव्हता का?"

"मी बघितलं नाही, मिस्त्री."

"ठेवला नव्हता?"

"बघितलं नाही म्हणतो ना."

ते पाना तसाच हातात धरून सायकलवर बसले आणि नाशिक रस्त्याला लागले. लोडेड गाडीचा पाठलाग सायकलवर. रस्त्यात कुठं बबन बिडीला थांबला तर गाठून नट आवळू, ही आशा. मी फाटकापर्यंत गेलो. ओरडून बोलवावं, खरं सांगावं असं वाटलं. वाटलं, एवढंच.

मोशीच्या पुढं रस्ता इंद्रायणीकडे उतरतो. त्या उतारावर एका बाजूचं हौजिंग पाट्यावरून सरकलं आणि गाडीची मागची बाजू रस्ता सोडून भलतीकडेच गेली. चाक निघालं नव्हतं. नवं हौजिंग मिस्त्री म्हणाले तसंच, शेवटपर्यंत शाबूत होतं. गाडी उलटली आणि दीड टन ओतकाम केबिनवर आलं.

मिस्त्री तिथं पोचले तेव्हा शेतातली माणसं नुकतीच जमत होती. मिस्त्रींनी एकेक पंप हातांनी बाजूला करून बबनला बाहेर काढलं. तो गेलेलाच होता. आणि लोकांनी काय बघितलं, तर मिस्त्री हातात पाना घेऊन धापा टाकत आला. संध्याकाळपर्यंत भोसरीत सगळ्यांच्या तोंडी हेच झालं: मिस्त्रीला ठाऊक होतं की नट ढिले आहेत, नाहीतर पाना घेऊन पळत गेलाच कशाला? ज्या धावपळीसाठी त्यांचे पाय धरायला हवे होते, तीच त्यांच्यावरचा पुरावा झाली.

फौजदारांनी जबाब घेतले. मालक म्हणाले, गाडी तयार आहे असं आम्हाला कळलं. कुणाकडून, असं कुणी विचारलं नाही. मी म्हणालो, सीटवर पाना नव्हता, म्हणून गाडी सोडली. यातला प्रत्येक शब्द खरा होता. सकाळी मिस्त्रींनी आम्हाला काय बजावलं होतं, ते मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग मिस्त्रींना विचारलं, तुम्ही पाना ठेवला होता का? कुणीही म्हणालं असतं, होय, ठेवला होता. मिस्त्री म्हणाले, "मला वाटतं ठेवला. पर पिशवीत गावला. खात्रीनं सांगता येत न्हाई." चूक कबूल करण्याची त्यांची ती सवय मला ठाऊक होती. तो माणूस स्वतःला वाचवण्यासाठी खोटं बोलणार नाही, याच भरवशावर मी बोललो होतो.

कोर्टात पुढं काही सिद्ध झालं नाही, सुटले. पण शेडकडे गाड्या यायच्या थांबल्या. आमच्या आवारात एक जण म्हणाला, "त्यांच्यातल्याला एवढं जोखमीचं काम द्यायचंच कशाला?" तिथं माना हलल्या. माझी हलली नाही, आणि मी तोंडही उघडलं नाही. मला पुढच्या वर्षी बढती मिळाली. खिडकीतला कप कुणीतरी कधीतरी फोडला, मी नव्हे.

मधल्या काळात त्यांच्याबद्दल तुकड्यातुकड्यांनी कानावर येत राहिलं. शेड विकली. चिंचवडच्या एका कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन झाले. आणि एक गोष्ट महाळुंग्याच्या एका हमालानं सांगितली: बबनच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन बिघडलं की मिस्त्री सायकल मारत तिथं जातात, दुरुस्त करतात आणि परत येतात. बबनची बायको त्यांच्याशी बोलत नाही. घरात निघून जाते, दार लावून घेते. ते काम उरकून दाराकडे बघत "चालू झालं हो" एवढं म्हणतात आणि निघतात.

मी फाउंड्री सोडून दुसरीकडे लागायचं ठरवलं तेव्हा एका रविवारी स्कूटरवर पिंपळे गुरवला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. वाटेत वाक्यंही जुळवली होती.

पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, सारवलेलं, निळ्या चौकटीतली एक तसबीर. मिस्त्री खाटेवर बसले होते, केस पांढरे झालेले, मान तशीच कललेली. "या, भाऊसाहेब!" म्हणाले, आणि यावेळी तो शब्द टोचला नाही. तेच जास्त लागलं. समोरच्या भिंतीवर एक खिळा होता आणि त्याला एक यू-बोल्ट. वाकलेला, आटे घासलेले.

माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी बघितली. "बाकीच्या चुका भंगारात घातल्या," ते म्हणाले. "मोठी तेवढी ठिवली."

कौसल्याबाईंनी चहा आणला. मला नवा कप, बशीसकट. नवऱ्याला स्टीलचा पेला. मिस्त्री पेला हातात फिरवत राहिले.

"एक इचारू? तुमी खिडकीत बसायचा. खिडकीतनं सीट दिसायची. मी लई येळा त्यो दिवस डोळ्यापुढनं घालवलाय. पयलं आवळलं, हात पुसले, बबनला सांगितलं, हितपतूर सगळं दिसतं. पाना ठेवताना माझा हात मला दिसतो, पर त्यो त्याच दिवसाचा हाय का आदल्या दिवसाचा, ते कळत न्हाई." त्यांनी पेला खाली ठेवला. "होता का हो सीटवर?"

कौसल्याबाई दारात थांबल्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. जुळवलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी होती. चहा गरम होता, कपाला कान होता.

"आता आठवत नाही, मिस्त्री."

"व्हय," ते म्हणाले. "लई वर्सं झाली. मलाबी कुटं आठवतंय."

कौसल्याबाईंनी माझ्या हातातून कप घेतला. अर्धा शिल्लक होता, मी काही म्हणायच्या आत घेतला.

मिस्त्री मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. मी किक मारणार, तेवढ्यात ते जुन्या सवयीनं खाली बसले आणि स्कूटरच्या मागच्या चाकाचा नट दोन बोटांनी चाचपला. "ढिला हाय." घरात गेले, तोच रिंग पाना नव्हे, दुसरा, लहानसा घेऊन आले. मन लावून नट आवळला, चाक हलवून बघितलं, पुन्हा आवळला. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. मग हातातल्या पान्याकडे बघत, हळूच, मला संकोच वाटू नये अशा बेतानं म्हणाले,

"पुढं चौकात एक सायकलवाला पोरगा बसतो, भाऊसाहेब. जाताना त्याच्याकडनं एकदा बघून घ्या. माझ्या आवळण्यावर जाऊ नका."